पागडीचा फोन

मुंबईत ज्यांचे नातेवाईक जुन्या चाळीत राहतात त्यांना पागडी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरमालकाला एकदम मोठी रक्कम मोजायची आणि त्या बदल्यात आयुष्यभर (पुढच्या पिढीनेसुद्धा) किरकोळ भाड्यात राहायचं. पैसे जवळजवळ विकत घेतल्याइतके, पण कागदोपत्री तुम्ही भाडेकरूच. खोली दुसऱ्याला द्यायची तर मालकाची परवानगी हवी, आणि आलेल्या पैशातला साधारण तिसरा हिस्सा मालकाचा. मधली भिंत पाडायचीय? मालकाला विचारा. हा प्रकार इतका रुळला की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला रीतसर मान्यताही देऊन टाकली.

तर मंडळी, गेले काही महिने माझं असं मत होत चाललंय की आपण सगळे खिशात एकेक पागडीची खोली घेऊन फिरतोय.

म्हणजे बघा. पन्नास-साठ हजार रुपये मोजून फोन आणायचा. त्यात कुठलं सॉफ्टवेअर चालेल हे कंपनी ठरवणार. कुठल्या दुकानातून अ‍ॅप घ्यायचं हे कंपनी सांगणार. आणि गंमत म्हणजे हिस्साही जवळपास तोच! अ‍ॅपलने २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं तेव्हापासून अ‍ॅपच्या विक्रीतला ठरलेला वाटा ३० टक्के (२०२१ पासून छोट्या डेव्हलपरांसाठी १५). गिरगावातल्या घरमालकांनी क्यूपर्टिनोत जाऊन शिकवणी घेतली की उलटं झालं, कोण जाणे.

एक फरक मात्र आहे. पागडीत मालक कोण आणि भाडेकरू कोण हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं. फोनच्या पावतीवर मात्र सरळ 'विक्री' असं लिहिलेलं असतं. शिवाय पागडीच्या खोलीची किल्ली निदान भाडेकरूच्या खिशात असते. इथे तीही नाही.

ही किल्ली म्हणजे अलंकारिक भाषा नाही, खरोखरची किल्ली आहे. आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण पोटापाण्यासाठी मी नेमकं हेच काम करतो. एका कंपनीत फर्मवेअरच्या टीममध्ये आहे. आमच्या उपकरणात जे सॉफ्टवेअर जातं त्यावर कंपनीची डिजिटल सही झाल्याशिवाय ते सुरूच होत नाही. ते कसं होतं ते जरा सोपं करून सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

सहीसाठी किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, एक जाहीर. गुप्त किल्लीने सही करायची, जाहीर किल्लीने ती तपासायची. कारखान्यातून निघतानाच उपकरणाच्या चिपमध्ये जाहीर किल्लीचा ठसा कायमचा जाळून टाकलेला असतो. त्यासाठी चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात, एकदा उडाले की उडाले. बटण दाबलं की चिपमधला पहिला, न बदलता येणारा प्रोग्रॅम जागा होतो आणि पुढच्या प्रोग्रॅमची सही तपासतो. तो त्याच्या पुढच्याची. सहकारी सोसायटीत वॉचमन आधी सेक्रेटरीचं ओळखपत्र बघतो, सेक्रेटरी पाहुण्याचं, तसंच. मधल्या कुणाचीही सही जुळली नाही की दार बंद. याला सिक्युअर बूट म्हणतात, आणि इंजिनिअरिंग म्हणून ही अतिशय देखणी गोष्ट आहे. मला हे काम मनापासून आवडतं.

प्रश्न एवढाच आहे की गुप्त किल्ली कोणाकडे? उत्तर: उपकरण ज्याने बनवलं त्याच्याकडे. ज्याने विकत घेतलं त्याच्याकडे नाही.

आता यावर कोणी म्हणेल, असेना का, कंपन्या काय त्या किल्लीने आपल्या घरात शिरणार आहेत थोड्याच? तर शिरल्या आहेत की. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने अनेक ग्राहकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसून टाकली होती. ज्या प्रकाशकाने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत केले, पण पुस्तक रात्रीत गायब. पुस्तकं कोणती? ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'! एखाद्या लेखकाने कथेत असं लिहिलं असतं तर संपादकाने 'फारच ओढूनताणून' म्हणून परत पाठवलं असतं. एका शाळकरी मुलाने पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती, पुस्तक गेल्यावर ती टिपणं निराधार झाली. त्याने दावा लावला. जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली आणि शेवटी दीड लाख डॉलरवर तडजोड झाली. पुस्तकाच्या दुकानदाराने घरी येऊन कपाटातून पुस्तक नेलं आणि टेबलावर पैसे ठेवले, तर आपण त्याला दुकानदार म्हणू का?

दुसरं उदाहरण माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. सोनीचं प्लेस्टेशन-३ आलं (२००६) तेव्हा त्यावर लिनक्स टाकायची अधिकृत सोय होती. खुद्द सोनीनेच दिलेली. लोकांनी त्यावर काय काय केलं! अमेरिकन हवाई दलाने तर सतराशेहून जास्त प्लेस्टेशन एकमेकांना जोडून एक सुपरकॉम्प्युटर बनवला. मग १ एप्रिल २०१० ला (तारीख बघा) सोनीने एक अपडेट काढून ही सोय बंद केली. कारण सुरक्षेचं सांगितलं. अपडेट घ्यायची सक्ती नव्हती हं. फक्त घेतली नाही तर ऑनलाइन खेळणं बंद, नवीन गेम बंद. म्हणजे घरात एक खोली जास्त आहे म्हणून घर घेतलं, आणि चार वर्षांनी मालक येऊन म्हणतो, "त्या खोलीला कुलूप लावतोय. नको असेल तर तुमचं पाणी आणि वीज तोडतो, मर्जी तुमची."

असो. ही झाली जगाची गोष्ट. आता घरातली.

बाबा साताऱ्याला असतात, हायस्कूलमधून निवृत्त झालेत. त्यांचा फोन पाच वर्षांचा. कंपनीचं नाव नको, कारण हे सगळ्याच करतात. स्क्रीन शाबूत, कॅमेरा बरा, बॅटरी गावातल्याच दुकानात बदलून घेतलेली. हार्डवेअरमध्ये बोट ठेवायला जागा नाही. पण सुरक्षेचे अपडेट यायचे बंद होऊन दोन वर्षं झालेली. दोन वर्षांत अँड्रॉइडमध्ये जी भोकं सापडली, ती जगजाहीर झाली, आणि बाबांच्या फोनमध्ये ती जशीच्या तशी. आणि या फोनवर बाबांची पेन्शन.

गणपतीत घरी गेलो होतो तेव्हा म्हटलं, यावर लिनिएजओएस टाकू. लिनिएज म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेली अँड्रॉइडची आवृत्ती, कंपन्यांनी टाकून दिलेल्या कितीतरी फोनना ताजे अपडेट पुरवते. आधी कुलूप उघडायला कंपनीकडे अर्ज करायचा. खातं काढा, सिमकार्ड घाला, मग सात दिवस थांबा. (स्वतःच्या घराचं कुलूप उघडायला सात दिवसांची नोटीस!) थांबलो. सुट्टी वाढवून घेतली. आठव्या दिवशी कुलूप उघडलं, संध्याकाळपर्यंत फोन नवा कोरा. त्याच महिन्याचा सुरक्षा पॅच, चपळ, शिवाय कंपनीने कोंबलेली फालतू अ‍ॅप गायब. बाबा खूश. आईने चहाबरोबर चकल्या काढल्या.

मग बाबांनी बँकेचं अ‍ॅप उघडलं. 'हे उपकरण सुरक्षित नाही. अ‍ॅप बंद होत आहे.'

काय होतं, की अ‍ॅपला फोनची तब्येत विचारता येते. मूळ कंपनीच्या सहीचं सॉफ्टवेअर आहे का? कुलूप लावलेलं आहे का? तिथून 'नाही' असं उत्तर आलं की बरीच बँकांची अ‍ॅप तोंड फिरवतात. रात्री जुनं सॉफ्टवेअर परत घातलं, कुलूप परत लावलं. तेच अ‍ॅप, तोच फोन, दोन वर्षांची भोकं जशीच्या तशी, आणि अ‍ॅप सुखाने सुरू! ताज्या पॅचवाला फोन असुरक्षित, आणि चाळणी झालेला फोन सुरक्षित. कारण चाळणीवर कंपनीची सही आहे.

मी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे फोन आपला, पण सही त्यांची?"

अठ्ठावीस वर्षांचा अनुभवी मास्तर. मला जे सांगायला अर्धा तास लागला ते सहा शब्दांत उरकलं.

शेवटी तोडगा असा निघाला की पेन्शनचं खातं फोनपासून तोडलं. दुसऱ्या बँकेत एक खातं काढलं, त्यात महिन्याला पाच हजार टाकायचे, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडायचं. गेले तर पाच हजार जातील. नवीन फोन घेऊन देतो म्हटलं तर बाबा तयार नाहीत. "याला काय झालंय?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'काही नाही' असं आहे, त्यामुळे मलाही फार रेटता आलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसताच रडगाणं गातोय असं वाटेल. कुलपं उगीच नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमच्या गाडीचं चलान भरायचं बाकी आहे' असा मेसेज आणि खाली एक एपीके फाइल, हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. बोट लावलं, फाइल बसली की ते अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचतं, ओटीपी पळवतं आणि खातं साफ. यात खूप जणांची आयुष्याची कमाई गेली आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर यापुढे ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच अ‍ॅप बसेल, मग ते प्ले स्टोअरबाहेरून का आणलेलं असेना. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून बाकीचं जग, असं ते वेळापत्रक. ते वाचून माझ्यातला प्रोग्रॅमर भडकला आणि माझ्यातला मुलगा म्हणाला, बरं झालं. (पुढे बरीच ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं.) चोरलेला फोन कुलपामुळे चोराला कुचकामी होतो, हाही फायदाच. माझ्या आईबाबांच्या फोनला कुलूप असावं असं मला शंभर टक्के वाटतं.

पण कुलूप असावं याचा अर्थ किल्ली मालकाला देऊ नये असा होत नाही. या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र बांधून विकल्या जातात, आणि त्या वेगळ्या करता येतात हे सिद्ध झालेलं आहे. २०१२ मध्ये विंडोज-८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टची अट होती की साध्या इंटेल पद्धतीच्या पीसीवर सिक्युअर बूट हवंच, पण ते बंद करायची आणि स्वतःच्या किल्ल्या घालायची सोय मालकाला द्या. म्हणून त्या पीसींवर लिनक्स टाकता आलं. त्याच वेळी एआरएम चिपच्या विंडोज टॅब्लेटसाठी त्याच मायक्रोसॉफ्टची अट बरोबर उलटी होती, बंद करायची सोय देताच कामा नये. एकच कंपनी, एकच तंत्र, एकच वर्ष. फरक तंत्राचा नव्हता, निर्णयाचा होता. आजही गूगलच्या पिक्सेल फोनवर मालकाला कुलूप उघडून, स्वतःच्या किल्लीची सिस्टिम घालून, परत कुलूप लावता येतं. म्हणजे सुरक्षा पण आहे आणि मालकीपण आहे. जमतं. करायचं असेल तर जमतं.

आणि कायदा? अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदा ठरवलं, आतला माल तुमचा असला तरी. दर तीन वर्षांनी सवलतींची यादी निघते. फोन जेलब्रेक करायला २०१० मध्ये अशी सवलत मिळाली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं, पण ते बरंच शहाणं आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तरच शिक्षा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही. फक्त दुसऱ्याला त्यात मदत केली तर मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता वगैरे नोंद ठेवायची! त्या न्यायाने बाबांचं नाव, पत्ता आणि प्रयोजन लिहून ठेवायला एक वही करावी की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं. प्रयोजन: वडील.

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. त्यात आधीपासून टाकलेली अ‍ॅप काढू देण्याचा निर्देश होता, आणि बाहेरून अ‍ॅप टाकण्यात आडकाठी आणू नये हाही होता. म्हणजे दंड घेतला, भिंत तशीच. दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, चांगलं आहे. पण आपल्याकडे 'दुरुस्ती' म्हटलं की अजून स्क्रू आणि सोल्डर डोळ्यासमोर येतो. बाबांचा फोन हार्डवेअरने बिघडलेलाच नव्हता. त्याची दुरुस्ती म्हणजे सही होती.

तर मग करायचं काय? मी एवढंच म्हणतो, की कंपनीला हवं तोपर्यंत किल्ली तिच्याकडे असू दे. पण ज्या दिवशी 'यापुढे अपडेट नाहीत' असं जाहीर होतं, त्या दिवशी किल्ली मालकाच्या हातात पडली पाहिजे. राखायचं नाही आणि उघडायचंही नाही, हे चालणार नाही. २०१६ च्या मे महिन्यात रिव्हॉल्व नावाचं तीनशे डॉलरचं घरगुती उपकरण सर्व्हर बंद करून एका दिवसात निर्जीव केलं गेलं, तेव्हा ती कंपनी गूगलच्याच पालक कंपनीच्या पंखाखालच्या नेस्टची होती. आणि त्याच गूगलने २०२३ च्या जानेवारीत स्टेडिया बंद करताना कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालतील असं टूल दिलं, २०२५ च्या जानेवारीत पेबल घड्याळांचा सोर्सकोडही मोकळा केला. कोणाचं दिवाळं निघालं नाही, कोणाची सुरक्षा ढासळली नाही. लोकांची घड्याळं तेवढी चालू राहिली.

बोलणं सोपं आहे, म्हणून एक गोष्ट केली. पुढच्या वर्षी आमच्या कंपनीच्या एका जुन्या मॉडेलचा सपोर्ट संपतोय. फ्यूज उडालेले आहेत, ते काही परत जोडता येत नाहीत. पण शेवटच्या अपडेटमध्ये आपल्याच सहीचा असा बूटलोडर पाठवता येतो, जो मालकाने बटण दाबून परवानगी दिली तर पुढे कोणाचंही सॉफ्टवेअर चालू देईल. कोड फार नाही, दोन आठवड्यांचं काम. मी दीड पानाचा प्रस्ताव लिहून मॅनेजरला पाठवला. त्यांनी तो खरंच वाचला (हे आमच्याकडे गृहीत धरता येत नाही), केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे रे. पण लोकांचं जुनं चालत राहिलं तर नवीन कोण घेणार, हे सेल्सवाले विचारतील. तेव्हा काय सांगू?"

मी म्हटलं, ज्याचं जुनं आपण चालू ठेवलं, तो नवीन घेताना आपल्याकडेच येईल. त्यांनी मान हलवली, आणि लीगलला विचारतो म्हणाले. हे सेल्सवाल्यांना पटेल का, मला माहीत नाही. रिव्ह्यू मार्चमध्ये आहे, आणि त्या फाइलवर प्रस्तावक म्हणून माझं नाव आहे. पुढच्या शुक्रवारी मीटिंग. काय होतं ते कळवतोच.